खळ्यात सूर्याचे डाग कसे टिपावेत

आधी ताकीद: दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नाही. एक्स-रेची फिल्म धरूनही नाही, ढगाआडचाही नाही. आपण त्याला कागदावर उतरवणार आहोत.

आमच्या नागावात दसऱ्यानंतर आभाळ निवळलं की मी बसतो, सकाळी आठच्या सुमारास. १० बाय ५० ची दुर्बीण ट्रायपॉडला घट्ट बांधा, एका नळीवर झाकण घाला. (एकदा विसरलो होतो. अंगठ्याला चटका बसला तेव्हा आठवलं.) मागे मीटरभरावर पांढरा कागद लावा. दुर्बिणीची सावली कागदावर सगळ्यात लहान झाली की नेम लागला. बिंब साधारण ९ सेंटीमीटरचं पडतं.

दुर्बीण हलवू नका, बिंब सरकू द्या. ज्या बाजूने ते कागदावरून आधी निसटतं ती त्याची पश्चिम. तिथे 'प' लिहा. मग ठिपके शोधा. कागद हलवल्यावर सोबत हलला तो मळ, बिंबावरच राहिला तो डाग.

या बिंबावर पृथ्वी काढायची तर खसखशीच्या दाण्याएवढी. डागातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या हजारो पट असतं. ते खालून येणारी उष्णता अडवतं, म्हणून डाग काळा दिसतो. हे चुंबकत्व अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी १९०८ मध्ये ओळखलं.

रोज त्याच वेळी टिपा. पूर्वेची कड ते पश्चिमेची कड, डागाला सुमारे १३ दिवस लागतात.

आता गंमत. मधोमध आलेला डागच आपल्याला त्रास देणार, असं वाटतं ना? सुपारीच्या वाडीतला फिरता फवारा आठवा. थेंब सरळच उडतो, पण पाण्याची धार वाकडी दिसते. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा कणांचा झोत, सूर्याचं चुंबकीय क्षेत्र असंच ओढून नेतो आणि सूर्य फिरत असल्यामुळे त्याच्या रेषा वाकतात. पृथ्वीला येऊन मिळणारी रेष बहुधा पश्चिमेकडच्या भागातून निघते. डागांजवळ होणाऱ्या स्फोटांतले वेगवान कण तिच्यावरूनच धावत येतात. मधल्या डागाकडून येतो तो वायूचा लोट, एक ते तीन दिवसांत. म्हणून 'प' लिहायला सांगितलं.

असल्या लोटांनी होणारी चुंबकीय वादळं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, आमच्या शेजारी अलिबागला नोंदली जातात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं हे काम इकडे आलं.

माझ्या वहीत १० मे २०२४ चं पान आहे, अक्षय तृतीयेचं. मध्यापासून जरा 'प'कडे सव्वा सेंटीमीटरचा काळा पुंजका, कोपऱ्यात आमरसाचा डाग. त्याच रात्री अशाच वादळामुळे लडाखात हानलेचं आभाळ ध्रुवीय प्रकाशाने लाल झालं होतं.