लहान इंजिनाच्या पिकअपने होडीचा ट्रेलर ओढायचा तर

पावसाळा आणि १ जूनची मासेमारी बंदी जवळ आली की गोव्यातल्या शापोरा, बेती, कुटबणच्या धक्क्यांवर होड्या बाहेर काढायची लगबग सुरू होते. पंचाहत्तर हॉर्सपॉवरची पिकअप फायबरची होडी ओढेल का, असं तेव्हा हमखास विचारलं जातं. ओढेल. धक्क्यावर कमी पडते ती चाकाची पकड, इंजिन नव्हे.

माणसासकट पिकअप १,९०० किलो आणि होडीसकट ट्रेलर १,१०० किलो धरा. आठास एक चढाला (आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) ३,००० चा आठवा भाग, म्हणजे ३७५ किलो, आणि चाकांच्या घर्षणाचे ४५. एकूण ४२० किलोंची ओढ लागते. पहिल्या गिअरमध्ये लहान डिझेल इंजिनही याच्या दुपटीने ओढतं. पण रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर जेमतेम हजार किलो भार असतो. ओल्या शेवाळावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पकड मिळाली तरी ती ३३३ किलो. चाक जागच्या जागी फिरतं ते म्हणून.

यावर उपाय भरतीचा. शेवाळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच धरतं, त्यामुळे पूर्ण भरतीला गेलात तर मागची चाकं वरच्या कोरड्या काँक्रीटवर राहतात. शिवाय हौद्यात, मागच्या एक्सलच्या बरोबर वर, ४० किलोंच्या पाच वाळूच्या गोण्या ठेवा. त्यानेही जमेना तर पिकअप वर कोरड्यावर उभी करून ट्रेलर जाड दोरखंडाने ओढा. मात्र ट्रेलरला पुढचं टेकू-चाक हवंच, आणि दोरखंडाच्या रेषेत कुणी उभं राहता कामा नये.

चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. क्लचप्लेट जळते ती तिथेच. हँडब्रेक ओढा, चाकामागे ठोकळा लावा, मग एका दमात क्लच सोडा.

निघण्यापूर्वी हुकावरचा भार, म्हणजे ट्रेलरची दांडी पिकअपच्या हुकाला खाली दाबते ते वजन, मोजा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे इथे ११० ते १६५ किलो हवा. कमी असला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. जास्त असला तर पिकअपचं तोंड उचललं जाऊन स्टिअरिंग हलकं पडतं. होडी पुढे-मागे सरकवूनच तो जुळवायचा. हा भार पिकअपच्या भारक्षमतेतच मोजला जातो. मॅन्युअलमधल्या ओढमर्यादेपलीकडे जाऊ नका. ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि दोन्ही साखळ्या हुकाखालून एकमेकींवर आडव्या टाका, म्हणजे हुक सुटला तरी दांडी रस्त्यावर आपटत नाही.

गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात मात्र इंजिनाची ताकद खरोखर कळते. सहा टक्के चढावर हे ३,००० किलो ताशी ४० किलोमीटरने न्यायला सुमारे ३३ हॉर्सपॉवर चाकांवर लागते; ८० ने जायचं तर हवेचा विरोध न धरताही दुप्पट. तेव्हा दुसरा-तिसरा गिअर, एसी बंद आणि तापमानाच्या काट्यावर नजर. उतरतानाही तोच गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पकड सोडतात.

पाण्यात ट्रेलर घालण्याआधी वीस मिनिटं थांबा आणि दिव्यांची पिन काढा. तापलेला बेअरिंग खारं पाणी आत ओढून घेतो, आणि तो पुढे रस्त्यातच जाम होतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस भरा.