वाचनालयातील सामायिक संगणक: व्हायरसची धास्ती किती आणि सावधगिरी कोणती

ज्या संगणकावर दिवसभर वेगवेगळी माणसे येऊन शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, प्रवेशपत्रे उतरवून घेतात आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेले पेन ड्राइव्ह लावतात, त्याची निगा घरच्या संगणकासारखी राखून चालत नाही. घरात चार माणसांना समजावून सांगता येते. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगणे ग्रंथपालाला शक्य नसते. म्हणून वापरणारा विसरला किंवा चुकला तरी नुकसान मर्यादित राहील अशी व्यवस्था आधी लावावी आणि सूचनांच्या पाट्या त्यानंतर रंगवाव्यात.

या व्यवस्थेतील पहिले काम विनाखर्चाचे आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून गेलेले असते. संगणकावर दोन खाती करावीत: ॲडमिनिस्ट्रेटर खाते केवळ देखभाल करणाऱ्याकडे, पासवर्डसह; आणि वाचकांसाठी स्टँडर्ड खाते, ज्यातून पासवर्डावाचून संपूर्ण यंत्रणेत नवे सॉफ्टवेअर बसवता येत नाही. स्टँडर्ड खात्यात व्हायरस शिरतच नाही असे नव्हे. त्या खात्याच्या आवाक्यातल्या फायली तो बिघडवू शकतो. मात्र यंत्रणेच्या मुळाशी पोहोचणे त्याला पुष्कळच अवघड जाते, आणि बिघडलेले खाते काढून नवे करणे हे संपूर्ण संगणक फॉरमॅट करण्यापेक्षा सोपे असते.

दुसरे काम अपडेटचे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर (फायली कुलूपबंद करून सोडवण्यासाठी पैसे मागणाऱ्या) प्रोग्रॅमने ब्रिटनमधील रुग्णालयांसह जगभरातील संगणक बंद पाडले, तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिलेले होते. त्याला पसरायला कोणी काही उघडण्याचीही गरज नव्हती; अपडेट न केलेला संगणक नेटवर्कवर असणे पुरेसे होते. ‘सध्या नको’ हे बटण वर्षानुवर्षे दाबणाऱ्या कार्यालयांनी हा तपशील लक्षात ठेवावा. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय करून घेतलेली नाही, त्यांनी जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवण्याचा विचार करावा. अर्ज भरणे आणि छापणे यासाठी ते पुरते.

आता पेन ड्राइव्ह, ज्याची धास्ती सर्वाधिक आहे. एकेकाळी ती रास्त होती. २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर हा व्हायरस पेन ड्राइव्हमधील ऑटोरनच्या, म्हणजे ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याच्या, सोयीचाही फायदा घेऊन पसरला. पुढे विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसे अपडेट आले. तेव्हापासून अशा व्हायरसला बहुधा माणसाच्या हाताने क्लिक करून घ्यावे लागते. आपल्याकडे सर्रास आढळणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ हेच करतो: तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडतो, शॉर्टकट उघडला की फोल्डर दिसतो खरा, पण त्याच वेळी आत दडवलेली स्क्रिप्टही चालते. म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींच्या नावांचे शेपूट (एक्स्टेन्शन) दिसेल अशी सेटिंग कायम ठेवावी, म्हणजे ‘गुणपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ असली बनवाबनवी डोळ्यांना दिसते; शेवटी ‘ईएक्सई’ असले की तो दस्तऐवज नसून प्रोग्रॅम असतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर त्यावर राइट क्लिक करून विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसने तपासणी करावी.

शॉर्टकट आढळलेच, तर ते न उघडता लपवलेल्या आणि संरक्षित यंत्रणा-फायली दाखवण्याची सेटिंग चालू करावी, आपले दस्तऐवज तेवढे उचलून घ्यावेत आणि मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. फायली गेलेल्या नसतात, त्यामुळे घाबरून आधीच फॉरमॅट मारू नये.

घाईने होणारे नुकसान हा वेगळाच विषय आहे. २००२ च्या सुमारास एक ईमेल फिरत होता की अस्वलाचे चित्र असलेली अमुक फाइल व्हायरस आहे, ती ताबडतोब पुसा. ती विंडोजचीच निरुपद्रवी फाइल होती आणि अनेकांनी ती स्वतःच्या हाताने पुसली. आज तीच भीती ब्राउझरभर पसरणाऱ्या लाल पाटीतून आणि तिच्यावरील फोन क्रमांकातून विकली जाते. ती पाटी म्हणजे एक वेबपान असते: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, फोन मुळीच करू नये. संगणक मंदावला की व्हायरसच असेल हेही गृहीत धरू नये; अपुरी रॅम किंवा थकलेली हार्ड डिस्क ही कारणे आधी पाहावीत. शिवाय दोन अँटिव्हायरस एकावर एक चढवल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही, ते एकमेकांच्या कामात अडथळे आणतात.

माझ्या मते सामायिक संगणकावरचा मोठा धोका व्हायरसपेक्षा उघड्या राहिलेल्या खात्यांचा आहे. कोणाचा ईमेल, कोणाचे व्हॉट्सॲप तसेच चालू राहते, आणि डाउनलोड्समध्ये अनोळखी माणसांची आधार कार्डे साचतात. ब्राउझर गेस्ट मोडमध्येच उघडेल अशी सोय करावी, म्हणजे खिडकी बंद होताच लॉगिन पुसले जाते. उतरवलेल्या फायली मात्र त्याने जात नाहीत. त्यासाठी विंडोजमधील स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्सची मुदत एक दिवस ठेवावी. वाचकाने व्हॉट्सॲप चालू ठेवून घर गाठलेच, तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते बंद करता येते. बँकेचे व्यवहार अशा संगणकावर करूच नयेत. टंकलेले टिपून घेणारा प्रोग्रॅम असला तर गेस्ट मोडचा काही उपयोग नसतो.

खरोखरच लागण झाली, म्हणजे फायलींची नावे बदलली किंवा खंडणीची पाटी आली, तर सर्वप्रथम नेटवर्कची वायर काढावी आणि बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नये. खंडणीचा प्रकार नसेल तर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी. असेल तर विंडोज नव्याने बसवावे. सायबर कॅफेंना २०११ च्या नियमांनुसार वापरकर्त्यांची नोंद किमान एक वर्ष ठेवावी लागते. वाचनालयानेही वेळेसह अशी नोंदवही ठेवली असेल, तर त्या दिवसांत तेथे बसलेल्यांना कळवून पासवर्ड बदलायला सांगता येते. तो बदल त्यांनी स्वतःच्या फोनवरून करावा, त्या संगणकावरून नव्हे.