बंदुकीच्या लायसन्सवरून वाद घालायचाच असेल तर असा घाला

पहिली गोष्ट, "बंदूक असावी का नसावी" असा वाद सुरूच करू नका, तो रात्रभर चालतो आणि मग कोणीतरी अमेरिकेचं उदाहरण देतं. तिकडे तो घटनेने दिलेला हक्क आहे, आपल्याकडे नाही, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हे स्पष्ट बोलून दाखवलंय. आपला शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे, कारण पटलं तर परवाना नाहीतर नाही. त्यामुळे बोलायचं ते तीन गोष्टींवर, कशाला पाहिजे, चालवायला कोण शिकलंय आणि घरात ठेवणार कुठे.

आमच्याकडे कुडाळ बाजूला बहुतेक घरांत कारण एकच, शेती संरक्षण. केळी, नारळ, काजू, वांदर आणि डुकरं एका रात्रीत वाट लावतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याने "कशाला हवी बंदूक" असं पटकन म्हणू नये. पण बंदूकवाल्याला उलट प्रश्नही विचारा, किती जमीन, सातबारा कोणाच्या नावावर, नुकसान नेमकं कोणतं जनावर करतं, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज केला का. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, लायसन्स बंदुकीचं असतं, शिकारीचं नसतं. मोठा आवाज काढून जनावर हाकलणं वेगळं आणि मारणं वेगळं, डुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते आणि गवा तर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला आहे. ही फोड केली की अर्धा वाद तिथेच मिटतो कारण भांडणारे दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात.

शहरात कारण असतं "जिवाला धोका". तिथे विचारा धमकी आली तेव्हा पोलिसांत तक्रार दिली होती का. नुसतं धंदा मोठा आहे म्हणून कमरेला पिस्तूल, हे कारण मला तरी पटत नाही.

आता ट्रेनिंग, माझा खरा जीव इथे अडकलाय. 2016 च्या नियमांप्रमाणे अर्ज फॉर्म ए-1 वर करायचा आणि हत्यार सुरक्षित हाताळायला शिकल्याचं सर्टिफिकेट फॉर्म एस-1 मध्ये मिळतं, त्यात हाताळणी, नेणं-आणणं, साफसफाई, फायरिंग, ठेवणं हे सगळं धरलंय. कागदावर छान आहे. पण समोरच्याला सर्टिफिकेट दाखव म्हणू नका, करून दाखव म्हणा, अर्थात रिकामी बंदूक घेऊन आणि ती रिकामी आहे हे आधी दोघांनी तपासून. हातात घेतल्या घेतल्या भरलेली आहे असं धरून चालतो का, नळी कोणाकडे वळते, बोट चापावर जातं की बाहेर राहतं. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर विचारा, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) फुटली पण बार गेला नाही तर काय करशील, जो म्हणेल नळीत बघेन त्याच्या हातात बंदूक देऊ नका, नळीचं तोंड मोकळ्या बाजूला धरून थांबायचं असतं. आणि सगळ्यात मोठं, झुडूप हललं म्हणून बार काढायचा नाही, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दिसलं पाहिजे. 2025 च्या सुरुवातीला पालघरला मनोरच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या गोळीने त्यांचाच माणूस गेला, अशा बातम्या कोकणात नवीन नाहीत आणि दरवेळी पोटात गोळा येतो.

"आम्ही पिढ्यान्पिढ्या वापरतोय, आम्हाला कोण शिकवणार" असं घरातले मोठे म्हणतील, तेव्हा आवाज चढवू नका, त्यांचा अनुभव खराच असतो. एवढंच म्हणा की काका तुम्हाला येतं, पण लायसन्सवर नाव तुमचं आणि रात्री मळ्यात जातो तुमचा नातू, त्याला कोणी शिकवलं? परवान्यावर त्याचं नाव चढलेलं नसेल तर तो गुन्हा आहे हेही सांगा.

ठेवण्याबद्दल बोलताना अभिनेता गोविंदाचं उदाहरण द्या, ते सगळ्यांना माहितीये. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे घरातून निघताना स्वतःच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्या पायात घुसली, रिव्हॉल्व्हर भरलेली होती. म्हणजे नियम साधा, घरात आणल्यावर आधी रिकामी, मग बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही चाव्या एकाच्याच ताब्यात. भिंतीला खिळ्यावर टांगलेली बंदूक आणि खाली खेळणारी पोरं हे मी लहानपणी पाहिलंय, आता आठवलं की भीती वाटते. लग्नात वरातीत हवेत बार काढणारे असतील तर त्यांना सांगा 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

मग निवडणुकीचा विषय निघतोच, आचारसंहिता लागली की बंदुका पोलिस ठाण्यात जमा करा आणि नेमकं तेव्हाच काजू तयार. शेतकऱ्याची ही तक्रार मला रास्त वाटते. हे प्रकरण मुंबई हायकोर्टापुढे गेलं होतं, त्यानंतर 2009 मध्ये निवडणूक आयोगाने सूचना काढल्या की जिल्ह्याच्या स्क्रीनिंग कमिटीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा, सरसकट नाही. तेव्हा ठाण्यात जाऊन हुज्जत घालण्यापेक्षा कमिटीकडे वेळेत लेखी अर्ज द्या, नुकसानीचे पंचनामे जोडा. अर्ज नाकारला तरी कारण लेखी मागा, परवाना नाकारला असेल तर अपीलही करता येतं.

माझी स्वतःची मागणी एकच आहे आणि ती मी आमच्या ग्रामसभेतही मांडणार आहे. 2019 पासून परवाना 3 ऐवजी 5 वर्षांचा झाला, तर निदान दर रिन्यूला बंदूक हातात देऊन चाचणी घ्या, नजर तपासा, सत्तरी गाठलेल्या माणसाची जास्त नीट. मामाचं लायसन्स पुढच्या वर्षी संपतंय, मी त्याला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जायचं ठरवलंय, तो अजून तयार नाही.