श्रोता मेळाव्याची तयारी: वही आधी, हार नंतर

तारखेपासून सुरू करू. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, म्हणून मेळावा वर्धापनदिनालाच घ्या असा हट्ट श्रोता मंडळात कोणीतरी धरतंच. धरू द्या. जुलैत पाऊस, शेतात कामाची घाई, आणि आपले अर्धे श्रोते शेतकरी. १३ फेब्रुवारीचा जागतिक रेडिओ दिन बरा. एप्रिल-मेचं तर नावच काढू नका.

सभागृह, खुर्च्या, पाणी सगळ्यांना सुचतं. जागा सिव्हिल लाइन्स किंवा सीताबर्डीच्या आसपास पाहा. काटोल, सावनेर, उमरेडकडची मंडळी एसटीने गणेशपेठला नाहीतर मोरभवनला उतरतात. आपले कितीतरी पक्के श्रोते दृष्टिहीन आहेत. त्यांच्यासाठी स्थानकावर माणूस उभा ठेवा. ‘पोहोचले की फोन करा’ म्हणणाऱ्याला ते काम देऊ नका.

निवेदन रेडिओवरूनच जाऊ द्या. व्हॉट्सअॅपवर टाकलं की झालं, असं समजणाऱ्यांनी नागपूर केंद्राच्या ५८५ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर पहाटे कोण ऐकतं ते एकदा बघावं. मजकूर केंद्राकडे लेखी आणि वेळेत द्या, त्यात उतरायचा थांबाही लिहा.

आता वही. जाड पुठ्ठ्याची, दोरीने पेन बांधलेली, दारातच टेबलावर. प्रत्येकाचं नाव, गाव, तालुका. मागच्या वेळी मी हारतुऱ्यांत गुंतलो आणि वही राहिली. रेकॉर्डर भरून आवाज मिळाले, एकाहून एक. लग्नात सासऱ्यांनी दिलेला रेडिओ अजून वाजतो म्हणणाऱ्या आजी, धुऱ्यावर सेट टांगून निंदण करणारा गडी. पण कोण, कुठले, पत्ता नाही. प्रसारित काय करणार? ‘एक श्रोता म्हणाले’? अहो, फर्माईशीचा कार्यक्रम चालतोच नावागावावर. गाणं कुठेही मिळतं. आपलं आणि गावाचं नाव रेडिओवर येतंय म्हणून माणूस पोस्टकार्ड लिहितो.

तालुका का, तर खैरी, खापा, वडगाव विदर्भात किती आहेत ते मोजत बसा. वही पुरेशी नाही, रेकॉर्डिंगमध्येही हवं. बटण दाबलं की पहिला प्रश्न तोच: नाव, गाव, तालुका. गोष्ट रंगली असेल तरी थांबवा आणि विचारा. संकोच तुम्हाला वाटतो, त्यांना नाही. तुमचा आवाज रेडिओवर लावू का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

रेकॉर्डिंग सभागृहात नको, बाजूच्या खोलीत करा, पंखा बंद करून. माईक तोंडापासून वीतभर, थोडा तिरपा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. कानाला हेडफोन लावल्याशिवाय सुरू करू नका. रेकॉर्डरवरचा काटा हलतो म्हणजे आवाज चांगला येतो असं नाही. शेवटी रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट घ्या, संपादनात सांधे बुजवायला लागतो. जादा सेल ठेवा. आणि हो, नाव, गाव, तालुका.

सगळ्यांनी मिळून प्रसारण ऐकायचं असेल तर सेट आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी लावून पाहा. सळ्या-सिमेंटच्या इमारतीत मीडियम वेव्ह दबते, एलईडी दिव्यांची खरखर वेगळीच. सेट खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवा. आत आडवा अँटेना असतो, दिशा बदलली की फरक पडतो. नाहीच जमलं तर एफएमला १००.६ वर विविध भारती लावा. मोबाइल अॅप काही सेकंद मागे असतं, दोन्ही एकदम सुरू ठेवाल तर नुसता गोंधळ.

पाहुणे एकच बोलवा. भाषणं लांबली की परतीची बस गाठणारे उठतात, आणि आपल्याला ऐकायचं असतं त्यांचंच. चना-पोहे आले आले द्या, माणसं पहाटे निघालेली असतात.

नंतरचं थोडक्यात. फायलींना त्याच रात्री नावं द्या (नाव, गाव, तालुका!), दुसरी प्रत काढा. प्रसारणाची वेळ ज्यांचा आवाज आहे त्यांना आधी कळवा. खुर्च्या मोजून परत, मंडपवाल्याचे पैसे रोख.