‘कॉरस्केट’ वापरताना या चुका टाळा

‘कॉरस्केट’ (coruscate) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ लखलखणे. तरीही ब्रिटिश वृत्तपत्रांत एखाद्या पुढाऱ्यावरील जहरी टीकेला ‘कॉरस्केटिंग’ म्हटलेले आढळते. हा गोंधळ ‘एक्स्कोरिएट’ (excoriate), म्हणजे कठोर टीका करणे, या शब्दाशी होतो. त्याच्या मुळाशी कातड्यासाठीचा लॅटिन शब्द ‘कोरियम’ आहे, त्यामुळे त्याचा अर्थ आपल्या ‘सालटी काढणे’ या वाक्प्रचाराशी तंतोतंत जुळतो. ‘कॉरस्केट’चा कातड्याशी काडीचाही संबंध नाही. टीकेला ते विशेषण लावले, की टीकेची धार कळण्याऐवजी टीकाकाराच्या तेजस्वी भाषेची वाहवा होते. ‘कॉरस्केटिंग विट’, म्हणजे चमकदार विनोदबुद्धी, हा प्रयोग मात्र बिनचूक आहे.

दुसरी चूक म्हणजे समईची संथ ज्योत किंवा ट्यूबलाइटचा सपाट उजेड यांसाठी हे क्रियापद वापरणे. मूळ लॅटिन क्रियापदातच थरथर आणि वेग आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात ते उपसलेली तलवार परजण्यासाठी येते, तर दुसरा रोमन कवी ल्युक्रीशियस याच्या काव्यात पोटभर दूध प्यालेली कोकरे खेळताना एकमेकांना ढुशा देतात, त्यासाठी. प्रकाश हलता आणि तुटक असेल तरच हा शब्द शोभतो.

जुने ग्रंथ वाचताना अधिक सावध राहावे. चांदीचा कस पाहताना ती शिशासह हाडांच्या राखेच्या मुशीत तापवतात. शिशाचे ऑक्साइड होऊन ते मुशीत जिरत जाते, वितळलेल्या थेंबावर इंद्रधनुषी पट्टे फिरू लागतात आणि शिशाचा शेवटचा पातळ पापुद्रा नाहीसा होताच चांदीचा मणी एकाएकी उजळतो. कस पाहणारे या क्षणाला ‘कॉरस्केशन’ म्हणत. अनुवादात नुसते ‘चमक’ लिहिले, तर शिसे संपून चांदी शुद्ध झाल्याची ही खूण हरवते आणि माझ्या मते हे नुकसान मोठे आहे. ‘चांदी उजळली’ असे लिहिणे केव्हाही बरे. एकोणिसाव्या शतकातील आर्क्टिक प्रवासवर्णनांत हाच शब्द ध्रुवीय प्रकाशाच्या अचानक उसळणाऱ्या झोतांसाठी येतो.

उच्चारात जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘कॉ’वर, द्यावा. स्पेलिंगमध्ये ‘आर’ एकच असतो. ‘करोझिव्ह’मधील दोन ‘आर’ येथे आणू नयेत.