टपालसेवेचे खासगीकरण: मसुदा हातात आल्यावर काय तपासावे

सरकारी टपालसेवा खासगी होणार असे कळले की सगळी चर्चा मालकीवर रंगते. पोस्टमनचे आणि ग्राहकाचे भवितव्य मात्र मसुद्यातल्या तीन जागी ठरते: बटवड्याची हमी, बीटची (एका पोस्टमनला वाटपासाठी नेमून दिलेल्या भागाची) मोजणी आणि नव्या भरतीचा करार. संघटनेने आणि ग्राहक मंडळांनी आपली ताकद तिथे लावावी, आणि विक्रीच्या आधी लावावी. नंतर ऐकून घ्यायला समोर फारसे कोणी उरत नाही.

आधी प्रकार ओळखा. खात्याची सरकारी कंपनी करणे, तिचे शेअर विकणे, मुदतीचा ठेका देणे, काउंटर दुकानदारांकडे सोपवणे आणि पत्रवाटपाची मक्तेदारी उठवणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडमध्ये १९८७ साली टपालखात्याची फक्त सरकारी कंपनी झाली, तरी १९८८ मध्ये ४३२ पोस्ट ऑफिसे बंद झाली. तेव्हा ‘मालक अजून सरकारच आहे’ या आश्वासनावर विसंबू नका. अर्जेंटिनाने १९९७ मध्ये ठेका दिला, ठेकेदाराने सरकारचे पैसे थकवले आणि २००३ मध्ये सेवा पुन्हा सरकारकडे आली. ठेका मध्येच मोडला तर कर्मचारी कोणाच्या पटावर जाणार आणि थकलेला पगार कोण देणार, हे कलम आधी शोधा. नसेल तर घालून घ्या.

बटवड्याची हमी

‘दर्जेदार सेवा’ या शब्दांना मसुद्यात काही किंमत नाही. आठवड्यातून किती दिवस बटवडा, किती टक्के पत्रे किती दिवसांत, देशभर एकच दर आहे का, टपालपेटी आणि काउंटर जास्तीत जास्त किती अंतरावर, हे आकडे हवेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते आकडे बदलायचा अधिकार कोणाला आहे: कायदेमंडळाला की नियामकाला?

ब्रिटनमध्ये रॉयल मेल या टपालसेवेचे शेअर २०१३ साली ३३० पेन्सना विकले गेले. पहिल्या वर्गाची, म्हणजे जास्त दराची जलद, ९३ टक्के पत्रे दुसऱ्या कामाच्या दिवशी पोहोचावीत असे उद्दिष्ट होते. ते चुकत राहिले. नियामकाने २०२३ मध्ये ५६ लाख, २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख आणि २०२५ मध्ये २ कोटी १० लाख पौंड दंड केला. त्याच २०२५ साली उद्दिष्टही ९० टक्क्यांवर आणले आणि दुसऱ्या वर्गाच्या पत्रांचा बटवडा दिवसाआड करायला परवानगी दिली. दंड सरकारी तिजोरीत जातो. त्यातून एकही जादा पोस्टमन मिळत नाही. म्हणून दंडाच्या कलमाला ‘रिकाम्या जागा अमुक महिन्यांत भरणे’ ही अट जोडायचा आग्रह धरा.

बीटची मोजणी

इथे सर्वांत जास्त अन्याय होतो, कारण तो कागदावर दिसत नाही. पोस्टमनच्या वेळेचे चार भाग असतात: ऑफिसात पत्रे लावणे, बीटपर्यंत जाणे-येणे, रस्त्याने चालणे आणि दारात थांबणे. पत्रे कमी झाली की पहिला भाग लगेच घटतो. जाण्या-येण्याची वेळ तेवढीच राहते, चालणे फारसे कमी होत नाही, आणि दारातला वेळ तर पार्सले व सह्यांमुळे वाढतो.

उदाहरण घ्या. बीटवर ६०० पत्ते आहेत आणि रोज ९०० पत्रे येतात. ती कशीही विखुरलेली धरली तर साधारण ४६५ दारी जावे लागते. पत्रे निम्म्यावर, म्हणजे ४५० वर आली तरी दारे ३१५ च्या आसपास उरतात. काम निम्मे झालेले नाही, दारे फक्त एक तृतीयांशाने घटली. गल्ल्या तर जवळपास सगळ्याच पायाखाली घालाव्या लागतात. ‘पत्रे निम्मी झाली, दोन बीट एक करा’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे, आणि नफ्यासाठी आलेला मालक हाच हिशेब आधी मांडतो.

मोजणी सलग महिनाभर करून घ्या. गर्दीचा एक आठवडा त्यात असलाच पाहिजे. शांत आठवडे निवडले की बीट हलके दिसते. व्यवस्थापनाचा एक आणि संघटनेचा एक माणूस बरोबर चालावा. चारही भागांची वेळ वेगळी लिहा. जिने, लिफ्टची वाट, कुलूपबंद दार, चिठ्ठी ठेवून परत आणलेले पार्सल या नोंदी सुटतात, कारण सॉफ्टवेअर झालेला बटवडा मोजते, फुकट गेलेली फेरी नाही. रोजच्या तक्त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि प्रत जवळ ठेवा.

नव्या भरतीचा करार

जुन्यांना संरक्षण आणि नव्यांना कमी पगार, ही नेहमीची रीत. जर्मनीची टपाल कंपनी डॉइश पोस्टने २०१५ मध्ये पार्सलवाटपासाठी ४९ प्रादेशिक कंपन्या काढल्या, तिथे मूळ करारापेक्षा वेतन कमी होते. चार आठवड्यांचा संप झाला, तरी त्या कंपन्या मूळ कंपनीत परत आल्या त्या २०१९ मध्ये. यावरून शिकण्यासारखे म्हणजे संरक्षणाच्या कलमात ‘उपकंपन्या, ठेकेदार आणि त्यांचे उपठेकेदार’ हे शब्द असलेच पाहिजेत.

नगामागे पैसे देऊ केले तर तासाचा दर स्वतः काढा: दिवसाची कमाई भागिले पत्रे लावण्यापासून परत आलेले पार्सल जमा करेपर्यंतचे सगळे तास. कंपनी फक्त रस्त्यावरचे तास धरते. वाहन, इंधन आणि आजारपणाची रजा कोणाच्या खात्यावर, तेही विचारा.

पेन्शनची जुनी देणी कोण उचलणार, याचे उत्तर लेखी घ्या. ब्रिटनमध्ये ती २०१२ साली, म्हणजे विक्रीच्या आधीच, सरकारने स्वतःकडे घेतली. कामगाराच्या दृष्टीने ही मागणी विक्रीच्या वेळी कर्मचाऱ्यांना देऊ केलेल्या फुकटच्या शेअरांपेक्षा मोलाची आहे; शेअरचा भाव पडतो, पेन्शनवर घर चालते.

शहरांच्या मध्यवर्ती भागातल्या इमारती आणि जागांचे स्वतंत्र मूल्यांकन मागा. त्या पुढे विकल्या तर नफ्यातला वाटा सरकारला परत मिळेल, असे कलमही हवे.

हे सगळे पडताळायला आधार लागतो तो विक्रीपूर्वीच्या बारा महिन्यांच्या नोंदींचा: प्रत्येक ऑफिसातले मंजूर आणि प्रत्यक्ष कर्मचारी, बीटची संख्या, ओव्हरटाइम, उशिराचा बटवडा, ग्राहकांच्या तक्रारी. हस्तांतरानंतर हीच माहिती ‘व्यावसायिक गुपित’ म्हणून नाकारली जाते. त्यामुळे मसुदा जाहीर होईल त्याच आठवड्यात लेखी अर्ज करून प्रती काढून घ्या.