नीलम घेताना, दुरुस्तीला देताना या चुका टाळा

शहापुरात सराफी कामाला बसतो. मागच्या दिवाळीआधी खानापूरकडचे एक काका नीलमाची अंगठी थोडी मोठी करून घ्यायला आले. झाळ देऊन झाल्यावर मी ती खड्यासकट गरम तेजाबात सोडली. नीलम म्हणजे कुरुंद, कठीणपणात हिऱ्याखालोखाल, मोहस् मापावर दहापैकी 9 नंबरचा. त्याला काय होतंय! वर काढली तर निळ्या खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं. काका म्हणाले, "माझाच खडा काय रे हा? बदललास की काय?"

बदलला नव्हता. खड्याच्या भेगांत कोबाल्टने रंगवलेली शिशाची काच भरलेली होती, ती तेजाबाने खाल्ली. अशी काच लिंबाच्या रसानेही खराब होते. त्यामुळे पहिली चूक माझीच: भिंग न लावता काम सुरू करणं. दहा पटींच्या भिंगाखाली खडा तिरपा धरला असता, तर भेगांत हवेचे बुडबुडे दिसले असते. गिऱ्हाइकानेही अंगठी देताना "खड्यात काच भरली आहे का ते बघा" एवढं सांगावं.

काकांकडे सर्टिफिकेट होतं. वरच्या ओळीत 'नॅचरल कोरंडम', म्हणजे नैसर्गिक कुरुंद, वाचून ते खूश. खाली शेऱ्यात 'ग्लास फिल्ड' लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं. शेरा आधी वाचा. तिथे नुसतं 'हीटेड' असेल तर घाबरू नका. श्रीलंकेतला 'गेउडा' नावाचा दुधाळ कुरुंद 1970 च्या दशकापासून थायलंडच्या भट्ट्यांत तापवून निळा करतात. तो रंग टिकतो आणि बाजार तो मान्य करतो. फक्त न तापवलेल्याचा भाव त्याला देऊ नका.

दुधात टाकून दूध निळं दिसतं का, हे बघणं सोडा. निळी काचही तेच करते. त्यापेक्षा सराफाचा काटा वापरा. 1 ग्रॅमचा, म्हणजे 5 कॅरेटचा सुटा खडा दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलला तर नीलम 0.75 ग्रॅमच्या आसपास भरतो. नीलम म्हणून खपवली जाणारी नीली (आयोलाइट, वेगळाच निळा खडा) साधारण 0.62 भरते. माणसाने घडवलेला कृत्रिम नीलम मात्र इथे पास होतो, कारण द्रव्य तेच. फ्रेंच रसायनतज्ज्ञ व्हर्न्यूई यांनी 1902 मध्ये ज्वालेत माणिक घडवायची रीत जाहीर केली, पुढे नीलमही तसाच होऊ लागला. त्यात भिंगाखाली वाकड्या, कमानीसारख्या रेघा दिसतात. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळलेले असतात.

"काश्मिरी आहे" ऐकून पाकीट काढू नका. पाडरच्या डोंगरात 1881 च्या सुमारास दरड कोसळून ते नीलम उघडे पडले, आणि उत्तम माल 1882 ते 1887 एवढ्यातच निघाला. आज बाजारात येतो तो बराचसा श्रीलंका, मादागास्करचा. त्यात वाईट काही नाही.

भाव रत्तीवर ठरवू नका. तोळ्याच्या हिशेबाने रत्ती 0.12 ग्रॅमची, खडेवाल्यांची 0.18 च्या आसपास. वजन ग्रॅममध्येच मागा, पावतीवरही तसंच लिहून घ्या, पावती कन्नडात असो की मराठीत.

काकांना मी माझ्या खर्चाने नीली बसवून दिली, नीली आहे असं सांगूनच. साडेसातीला ती चालेल का, ते भटजींना विचारून येतो म्हणालेत.